डिरेक्टरीच्या झाडातून चालताना

डिरेक्टरीत फाइली नसतात. पडद्यावर पिवळ्या फोल्डरचे चित्र दिसते, त्यावर दोनदा क्लिक केले की आतला ऐवज उलगडतो, म्हणून तो तिथे ‘आत’ ठेवलेला आहे असे वाटते एवढेच. युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रणांत डिरेक्टरी ही स्वतःच एक फाइल असते आणि तिच्यात फक्त जोड्या लिहिलेल्या असतात: एक नाव आणि एक क्रमांक. फाइलचा आकार किती, मालक कोण, शेवटचा बदल कधी झाला, मजकूर डिस्कवर कुठे आहे, ही सगळी माहिती त्या क्रमांकाच्या आयनोडमध्ये राहते. कचेरीच्या अभिलेख कक्षात नोंदवहीत प्रकरणाचे नाव आणि क्रमांक असतो, कागद मात्र मागच्या मांडणीवर असतात. डिरेक्टरी म्हणजे ती नोंदवही. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही नोंद बरोबर १६ बाइटची होती. त्यातले २ बाइट क्रमांकाला, १४ नावाला. प्रोग्राम डिरेक्टरी साध्या फाइलसारखी उघडत, सोळा-सोळा बाइट वाचत आणि क्रमांक शून्य दिसला की ती नोंद रिकामी समजून पुढे जात.

डिरेक्टरीच्या झाडातून स्क्रिप्टने कसे चालावे, हा विषय या नोंदवहीपासूनच सुरू होतो. कारण चालण्यात पुढे ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेक या वहीने काय सांगितलेले नाही यातून येतात. नावे कोणत्या क्रमाने मिळतील हे ती सांगत नाही. चालणे कधीतरी संपेल याची हमी देत नाही. वाचता वाचता वही बदलणार नाही, असेही कुठे लिहिलेले नाही.

झाडाची कल्पना युनिक्सहून जुनी आहे. १९६५ साली रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी मल्टिक्स या यंत्रणेसाठी फाइलप्रणालीचा आराखडा मांडला. एका मुळापासून फुटणाऱ्या डिरेक्टऱ्या, त्यांच्या पोटात आणखी डिरेक्टऱ्या, आणि एका फांदीवरून दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या लिंक, हे सारे त्यात होते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्ससाठी ती कल्पना उचलली आणि तिला फार थोड्या नियमांवर उभे केले. प्रत्येक डिरेक्टरीत दोन नोंदी आपोआप असतात: एक टिंब म्हणजे ती स्वतः, दोन टिंबे म्हणजे तिची वरची डिरेक्टरी. एवढ्याशा नियमातून चालणाऱ्याला एक सुंदर फायदा मिळाला. आयनोडमध्ये त्या वस्तूकडे किती नोंदी बोट दाखवतात याचा आकडा असतो. डिरेक्टरीकडे वरच्या वहीतली एक नोंद, तिचे स्वतःचे टिंब आणि प्रत्येक उपडिरेक्टरीतली दोन टिंबे बोट दाखवतात. म्हणजे तो आकडा नेहमी दोन अधिक उपडिरेक्टऱ्यांची संख्या इतका भरतो. आकडा ३ असेल तर आत एकच उपडिरेक्टरी आहे. ती सापडली की उरलेली हजार नावे निश्चिंतपणे फाइली मानता येतात, प्रत्येकीला ‘तू कोण’ असे विचारत बसावे लागत नाही. ‘फाइंड’ या प्रसिद्ध आज्ञेने ही युक्ती वर्षानुवर्षे वापरली. आता ती सगळीकडे चालत नाही. बीटीआरएफएससारख्या फाइलप्रणालीत डिरेक्टरीचा हा आकडा कायम १ असतो. जीएनयू फाइंडमध्ये ही समजूत बाजूला ठेवायला सांगणारा ‘नोलीफ’ हा पर्याय अशा फाइलप्रणालींसाठीच आहे. युक्ती मागे पडली तरी तिच्यामागची काटकसर आजही शिकण्याजोगी आहे.

१९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२बीएसडीने नावाची लांबी २५५ बाइटपर्यंत नेली. नोंदी आता सारख्या मापाच्या राहिल्या नाहीत, आणि प्रोग्रामांनी डिरेक्टरी स्वतः सोलून वाचण्याचे दिवस संपले. त्याजागी ‘ओपनडिर’ आणि ‘रीडडिर’ ही फंक्शने आली: डिरेक्टरी उघडा, मग एक-एक नोंद मागत राहा, नोंदी संपल्या की बंद करा. आजची प्रत्येक स्क्रिप्टिंग भाषा, तिची वरची रीत कशीही असो, खाली याच फंक्शनांवर किंवा विंडोजवरच्या त्यांच्या भावंडांवर येऊन टेकते.

पर्लमध्ये ही नावे जशीच्या तशी वर आली. १९८७ साली लॅरी वॉल यांनी पर्ल बाहेर काढली तेव्हा तिचा मुख्य वर्ग यंत्रणा सांभाळणाऱ्यांचा होता, आणि त्यांना डिरेक्टऱ्या चाळणे रोजचेच. तिथे नव्या माणसाची पहिली ठेच ठरलेली असते. रीडडिर फक्त नाव देते, पूर्ण पत्ता देत नाही. ‘कथा’ या डिरेक्टरीतून ‘मसुदा’ हे नाव मिळाले आणि त्याच नावाने ‘ही डिरेक्टरी आहे का’ असे विचारले, तर उत्तर स्क्रिप्ट जिथे उभी आहे तिथल्या ‘मसुदा’बद्दल येते. तिथे तसे काही नसेल तर उत्तर ‘नाही’, आणि स्क्रिप्ट कसलीही तक्रार न करता पहिल्या पायरीवरच थांबते. पर्लच्या अधिकृत दस्तऐवजातही नावाआधी डिरेक्टरी जोडून मगच चाचणी घ्या, अशी सूचना आहे. पायथनच्या ‘लिस्टडिर’मध्येही हीच ठेच आहे. फरक इतकाच की पायथन टिंब आणि दोन टिंबे गाळून देते, पर्ल ती हातात ठेवते. न गाळता आत शिरणारी स्क्रिप्ट स्वतःच्याच डिरेक्टरीत पुन्हा पुन्हा शिरत राहते.

टिंबांबद्दल एक जुनी हकिगत आहे. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ने या दोन नोंदी लपवाव्यात म्हणून कुणीतरी सोपी चाचणी लिहिली: नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर सोडून द्या. त्या चाचणीने टिंबापासून सुरू होणारे प्रत्येक नाव लपले आणि ‘लपलेली फाइल’ ही सोय कुणी न ठरवता जन्माला आली. हे रॉब पाइक यांनी सांगितलेले आहे. त्या चाचणीचे पडसाद आजही उमटतात. पायथनच्या ‘ग्लोब’ मोड्यूलला तारांकन दिले तर ते टिंबाची नावे गाळते. ‘पाथलिब’मधल्या त्याच नावाच्या मेथडला तेच तारांकन दिले तर ती ही नावेही देते. एकाच भाषेच्या दोन कोपऱ्यांत एकाच चिन्हाचे दोन अर्थ आहेत, आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या मोजदादीत फरक पडतो.

आता चाल प्रत्यक्ष पाहावी. समजा, एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘अंक’ नावाची डिरेक्टरी ठेवली आहे. तिच्यात ‘कथा’, ‘कविता’ आणि ‘चित्रे’ अशा तीन डिरेक्टऱ्या आहेत आणि ‘अनुक्रमणिका’ नावाची एक फाइल. ‘कथा’मध्ये आणखी एक ‘मसुदे’ नावाची डिरेक्टरी. पायथनच्या ‘ओएस.वॉक’ला ‘अंक’ दिले की ते प्रत्येक मुक्कामाला तीन गोष्टी हाती ठेवते: आपण कुठे आहोत, इथल्या डिरेक्टऱ्यांची नावे, इथल्या फाइलींची नावे. पहिल्या मुक्कामाला ‘अंक’, तीन नावांची यादी आणि ‘अनुक्रमणिका’. दुसऱ्याला कदाचित ‘अंक/कथा’, तिसऱ्याला ‘अंक/कथा/मसुदे’, मग तिथून परत येऊन ‘कविता’. एका फांदीच्या टोकापर्यंत जायचे, मागे यायचे, दुसरी फांदी धरायची. शिल्लक फांद्या थरावर थर ठेवल्या आणि वरची आधी उचलली की अशी खोलात जाणारी चाल होते. त्याच रांगेत लावल्या आणि पुढची आधी उचलली की आधी सगळा वरचा थर, मग त्याखालचा, अशी रुंद चाल होते. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षात ग्राफच्या प्रकरणात शिकवतात तेच हे. पुस्तकातला ग्राफ मात्र कोणाच्या वापरात नसतो; इथे मंडळी त्याच वेळी काम करत असतात.

ओएस.वॉक २००३ मध्ये पायथन २.३ सोबत आले. त्याआधी ‘ओएस.पाथ.वॉक’ होते, आणि त्याला प्रत्येक डिरेक्टरीसाठी बोलवायचे एक फंक्शन आपण लिहून द्यायचे असे. ताबा चालणाऱ्याकडे; लिहिणाऱ्याने फक्त हाक आली की उत्तर द्यायचे. मध्येच थांबायचे, काही मोजायचे किंवा मागच्या मुक्कामाची आठवण ठेवायची, तर हात बांधलेले. २००१ च्या पायथन २.२ मध्ये जनरेटर आले, म्हणजे एक उत्तर देऊन थांबणारी आणि पुन्हा विचारले की तिथूनच पुढे जाणारी फंक्शने. त्यांनी हे नाते उलटे केले. आता साधा ‘फॉर’ लूप लिहिणाऱ्याचा, आणि चालणारा त्याला एकेक मुक्काम आणून देणारा. जुने फंक्शन पायथन ३ मधून काढून टाकले. या बदलाचे मोल फारसे बोलले जात नाही, पण डिरेक्टरी चाळणारी स्क्रिप्ट सामान्य माणसाला वाचता येण्याजोगी झाली ती या बदलामुळे.

लूप आपल्या हाती आल्यावर छाटणीही हाती आली. वरून खाली चालताना मिळालेल्या डिरेक्टऱ्यांच्या यादीतून एखादे नाव काढले, तर चालणारा त्या फांदीत शिरत नाही. ‘चित्रे’मध्ये हजारो फाइली असतील आणि शोध फक्त मजकुराचा असेल तर ही छाटणी वेळ वाचवते. अट एक आहे: काढायचे ते त्याच यादीतून. नवी यादी बनवून जुन्या नावाला चिकटवली तर चालणाऱ्याच्या हातात जुनीच राहते, आणि छाटलेल्या फांदीतही तो शिरतो. म्हणून जाणकारांच्या स्क्रिप्टमध्ये यादीच्या नावापुढे चौकटी कंसात अपूर्णविराम दिसतो. त्याचा अर्थ यादी तीच ठेवून आतला ऐवज बदला. खालून वर चालताना मात्र ही छाटणी निरुपयोगी असते, कारण नावे हाती पडेपर्यंत त्या फांद्या चालून झालेल्या असतात. खालून वरची चाल पुसण्यासाठी आणि आकारांच्या बेरजेसाठी आहे. रिकामी नसलेली डिरेक्टरी ‘आरएमडिर’ पुसत नाही, म्हणून आधी ‘मसुदे’, मग ‘कथा’, शेवटी ‘अंक’.

वेगाचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. लिस्टडिर फक्त नावे देते, म्हणून प्रत्येक नावासाठी कर्नलला पुन्हा विचारावे लागे: ही फाइल की डिरेक्टरी? वास्तविक ही माहिती बहुतेक यंत्रणा नोंदीसोबतच देतात. पायथन ती घेऊन टाकून देत होती. बेन हॉयट यांनी हे दाखवून दिले आणि २०१५ च्या पायथन ३.५ मध्ये ‘स्कॅनडिर’ आले. त्यांच्या प्रस्तावात दिलेल्या मोजणीनुसार त्यावर बांधलेले ओएस.वॉक विंडोजवर ८ ते ९ पट, इतरत्र २ ते ३ पट वेगवान झाले. टाकून दिलेली माहिती जपून ठेवली, एवढाच तो सुधार होता.

क्रमाचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नाही. पायथनच्या दस्तऐवजात लिस्टडिरबद्दल स्वच्छ लिहिले आहे की यादीचा क्रम वाटेल तो असू शकतो. हे वाक्य वाचूनही मनावर ठसत नाही, कारण विंडोजच्या एनटीएफएसवर नावे सहसा वर्णानुक्रमेच येतात आणि अ‍ॅपलच्या जुन्या एचएफएस प्लसवरही येत. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर मोठी डिरेक्टरी नावांच्या हॅशप्रमाणे लावलेली असते, आणि नावे त्या हॅशच्या क्रमाने बाहेर पडतात. ज्याचे आयुष्य पहिल्या दोन यंत्रणांवर गेले त्याला क्रम हा निसर्गनियम वाटू लागतो.

याची किंमत रसायनशास्त्राने मोजली. मिनेसोटा विद्यापीठातल्या विलोबी, यान्स्मा आणि हॉय यांनी २०१४ मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. रेणूची रचना ओळखण्यासाठी एनएमआर वर्णपटातल्या शिफ्ट गणिताने कशा काढायच्या, ते त्यात होते, आणि सोबत पायथनच्या स्क्रिप्ट होत्या. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्या वापरल्या. रेणू एकाच ठेवणीत स्थिर नसतो. त्याच्या अनेक ठेवणी असतात, आणि प्रत्येक ठेवणीसाठी वेगवेगळ्या गणनांच्या फाइली तयार होतात. स्क्रिप्ट ग्लोबने या फाइलींच्या याद्या घेई आणि एका यादीतली पहिली दुसऱ्या यादीतल्या पहिलीशी, दुसरी दुसरीशी जुळवी. दोन्ही याद्या एकाच क्रमाने आल्या तर सगळे बरोबर. क्रम हलला तर एका ठेवणीची ऊर्जा दुसऱ्या ठेवणीच्या आकड्यांना जाऊन चिकटे. कुठेही चूक दाखवणारा संदेश नाही, गणित शेवटपर्यंत पुरे होई आणि आकडा दिसायला अगदी साजरा येई.

२०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी सायनोबॅक्टेरियातून वेगळ्या केलेल्या संयुगांवर काम करताना हे पकडले. तीच स्क्रिप्ट, त्याच फाइली. मॅकच्या मॅव्हरिक्सवर आणि विंडोज १० वर अपेक्षित उत्तर आले, उबुंटू १६ वर आणि मॅकच्या मोहावेवर निराळे. मॅकच्या त्या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात, २०१७ मध्ये, अ‍ॅपलने एचएफएस प्लस सोडून एपीएफएस आणली होती, आणि तिच्यात नावे लावून देण्याची जुनी सवय राहिली नाही. ज्यावर हा सारा डोलारा उभा होता तो क्रम भाषेने कधीच कबूल केला नव्हता. तो फाइलप्रणालीच्या अंतर्गत रचनेतून योगायोगाने मिळत होता. या स्क्रिप्टचा आधार घेतलेले शंभरावर शोधनिबंध पुन्हा तपासायची वेळ आली. दुरुस्ती छोटीशी होती: याद्या आधी लावून घेणे. मूळ स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनीही चूक मान्य केली. खरे तर त्यांनी केले ते त्या काळी हजारो स्क्रिप्टमध्ये होते, आणि अजूनही आहे. म्हणून ज्या स्क्रिप्टच्या निकालावर कुणी पुढे विसंबणार आहे, तिने चालताना प्रत्येक मुक्कामाला दोन्ही याद्या लावून घ्याव्यात. ओएस.वॉकमध्ये डिरेक्टऱ्यांची यादी तिथल्या तिथे लावली की पुढची चालही त्याच क्रमाने होते.

लावून घेतले म्हणजे मराठी वाचकाला हवा तसा क्रम लागला, असे मात्र नाही. पायथन नावांची तुलना युनिकोडच्या क्रमांकांनी करते. तिथे ‘ळ’ ‘ल’च्या पाठोपाठ येतो; मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे आहे. ‘भाग १०’ हा ‘भाग २’च्या आधी येतो, कारण तुलना संख्यांची नसून अक्षरांची असते. यावर उपाय हाताशी आहे: पायथनचे ‘इंट’ देवनागरी अंकही वाचते, ‘१०’ दिले की त्याला दहा कळतात. नावातला अंकांचा तुकडा वेगळा करून त्याची संख्या केली की भाग योग्य ओळीने लागतात. निकाल दर वेळी सारखा यावा म्हणून लावणे आणि माणसाला दाखवण्यासाठी लावणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्यासाठी युनिकोडचा क्रम पुरतो.

नावांची गोष्ट इथेच संपत नाही. लिनक्सच्या कर्नलच्या दृष्टीने नाव म्हणजे बाइटची रांग. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालते, अगदी ओळ तोडणारे चिन्हसुद्धा. म्हणून फाइंडचा निकाल ओळीओळीने दुसऱ्या आज्ञेला देणे धोक्याचे, आणि म्हणून शून्य बाइटने नावे वेगळी करणारा पर्याय फाइंडमध्ये आहे. देवनागरीला याचा आणखी एक जाच होतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सारी वेगळी चिन्हे मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ लिहायला १० चिन्हे लागतात, म्हणजे ३० बाइट. ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, त्यामुळे मराठी नाव ८५ चिन्हांत संपते. एनटीएफएसवर मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने तिथे परिपत्रकाचा अख्खा विषय फाइलच्या नावात मावतो. ती फाइल लिनक्सवर उतरवू पाहणारी स्क्रिप्ट तिथे अडते.

याहून नाजूक प्रकरण ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावात आहे. त्यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. ‘ऱ’ हे एकसंध चिन्ह वापरून. ‘र’ आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हे वापरून. किंवा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, बाइट मात्र तीन प्रकारचे. अ‍ॅपलची एचएफएस प्लस नावे नेहमी सुटी करून, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेने साठवत असे. तिच्यावरून आलेली प्रत आणि लिनक्सवर टाइप केलेले मूळ यांची तुलना करणारी स्क्रिप्ट सांगते की इथली एक फाइल तिथे नाही आणि तिथली एक इथे नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहणाऱ्याला फरक दिसणार नाही, आणि चूक शोधण्यात दुपार जाईल. पायथनचे ‘युनिकोडडेटा’ मोड्यूल नावांना एकाच प्रमाण रूपात आणते, आणि पहिल्या दोन तऱ्हा त्याने एक होतात. तिसरी होत नाही. युनिकोडच्या नियमांत ती पहिल्या दोहोंशी समान मानलेलीच नाही, तिच्यासाठी स्क्रिप्टमध्ये वेगळी ओळ लिहावी लागते. तुलना प्रमाण रूपाने करावी, पण फाइल उघडताना डिरेक्टरीने दिलेले नाव जसेच्या तसे वापरावे, कारण लिनक्सचा कर्नल बाइटच ओळखतो. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक कचेरीला हे प्रकरण कधीतरी भेटते, आणि मराठीतून प्रोग्रामिंग शिकवताना ते पहिल्या धड्यांतच यायला हवे.

ज्या नावांचे बाइट यूटीएफ-८ मध्ये बसतच नाहीत त्यांच्यासाठी २००९ च्या पायथन ३.१ पासून एक व्यवस्था आहे. न बसणारा बाइट एका राखीव चिन्हाच्या रूपाने नावात ठेवला जातो आणि फाइल उघडताना पुन्हा मूळ बाइट होतो. त्यामुळे अशी फाइल उघडता येते, हलवता येते. तिचे नाव छापू गेले तर मात्र त्रुटी येते, आणि रात्रभर नीट चाललेली स्क्रिप्ट केवळ नोंद लिहिताना कोलमडते.

चालणे संपेल का, हा प्रश्न लिंकमुळे उभा राहतो. डिरेक्टरीला हार्ड लिंक देण्याची परवानगी लिनक्सचा कर्नल देत नाही, नाहीतर झाडाचे झाडपणच जाईल. सिम्बॉलिक लिंकला मात्र मोकळीक आहे. ‘कथा’मध्ये वरच्या ‘अंक’कडे बोट दाखवणारी लिंक ठेवली की वर्तुळ पुरे झाले. ओएस.वॉक म्हणूनच लिंकांमागे आपणहून जात नाही, आणि जायला सांगितले तर कुठे जाऊन आलो याची नोंदही ठेवत नाही. एका मार्गात ४० लिंका ओलांडल्या की लिनक्स स्वतः नकार देते, पण तोवर एकेक फाइल अनेकदा मोजून झालेली असते. ज्याला लिंका अनुसरायच्याच आहेत त्याने प्रत्येक डिरेक्टरीचा उपकरण-क्रमांक आणि आयनोड-क्रमांक यांची जोडी एका संचात ठेवावी आणि जोडी पुन्हा दिसली की परतावे. केवळ मार्गाची तुलना पुरत नाही. एकाच जागेला जाणारे मार्ग कितीही असू शकतात. २०२३ च्या पायथन ३.१२ मध्ये पाथलिबलाही स्वतःची ‘वॉक’ मिळाली. तिथे न अनुसरलेली लिंक फाइलींच्या यादीत येते, जुन्या ओएस.वॉकमध्ये ती डिरेक्टऱ्यांच्या यादीत येते. एकावरून दुसरीकडे जाताना मोजणीचे आकडे बदलतात ते यामुळे. नवी रीत जास्त बरोबर वाटते: जिथे शिरायचे नाही त्याला डिरेक्टरी का म्हणावे?

आणि जिथे शिरायला बंदी आहे तिथे काय होते? काहीच होत नाही. डिरेक्टरी उघडायचा हक्क नसला तर ओएस.वॉक ती गाळते आणि पुढे जाते; मूळ स्वभाव असाच ठेवला आहे. त्रुटी कळावी असे वाटत असेल तर तिच्यासाठी ‘ऑनएरर’ म्हणून एक फंक्शन द्यावे लागते. शोध घेणाऱ्या स्क्रिप्टला ही सोय परवडते. बॅकअप घेणाऱ्या, मोजणाऱ्या किंवा तपासणी करणाऱ्या स्क्रिप्टला ती परवडत नाही. ‘कविता’चे हक्क चुकून बदलले असतील तर अंकाचा बॅकअप कवितांशिवाय होतो आणि शेवटी ‘पूर्ण’ असे छापून येते. हीच गत चुकीच्या पत्त्याची. अस्तित्वात नसलेल्या डिरेक्टरीपासून चालायला सांगितले तर लूप एकदाही फिरत नाही, कसलीही तक्रार येत नाही आणि निकाल शून्य येतो. तो शून्य रिकाम्या डिरेक्टरीच्या शून्यासारखाच दिसतो. ऑनएरर न दिलेली मोजणीची स्क्रिप्ट अपुरी समजावी.

उरतो बदलाचा प्रश्न. चालणारा एका फांदीवर असताना दुसरीवर कुणी फाइली ठेवत असते, काढत असते, नावे बदलत असते. पॉसिक्स मानकाने यावर काहीही कबूल केलेले नाही: डिरेक्टरी उघडल्यानंतर आलेली किंवा गेलेली नोंद वाचनात मिळेल की नाही, हे अनिश्चित ठेवले आहे. स्कॅनडिरने एकेक नोंद घेत त्याच डिरेक्टरीतल्या फाइलींच्या नावांना ‘जुने-’ हा उपसर्ग लावला तर नव्या नावाची तीच फाइल पुन्हा समोर येऊ शकते, आणि उपसर्ग दोनदा लागतो. आधी पूर्ण यादी हातात घ्यावी, मग नावे बदलावीत. यादीतली फाइल मधल्या वेळात नाहीशी झालेली असू शकते हेही धरून चालावे, आणि ‘फाइल नाही’ ही त्रुटी हाताळावी.

पुसताना हाच बदल घातक ठरतो. स्क्रिप्टने ‘मसुदे’ ही खरी डिरेक्टरी आहे हे पाहिले, आणि पाहणे व शिरणे यांमधल्या क्षणात कुणी ती काढून त्याजागी दुसरीकडची लिंक ठेवली, तर पुसणे त्या दुसऱ्या जागी जाऊन पोचते. स्क्रिप्ट जास्त हक्कांनी चालत असेल तर लिंक ठेवणाऱ्याला जे स्वतः पुसता आले नसते ते तो तिच्या हातून पुसवून घेतो. रस्ट भाषेच्या प्रमाण लायब्ररीत ही त्रुटी सापडली आणि जानेवारी २०२२ मध्ये दुरुस्त झाली. पायथनने ‘शूटिल’मधल्या ‘आरएमट्री’ला २०१२ च्या ३.३ आवृत्तीतच यापासून संरक्षण दिले होते. तिथे डिरेक्टरी आधी उघडून तिचा हँडल धरला जातो, आणि पुढची प्रत्येक कृती मार्गाच्या नावाऐवजी त्या हँडलच्या आधाराने होते. नावाच्या जागी कुणी काही ठेवले तरी हातात धरलेली डिरेक्टरी तीच राहते. त्याच आवृत्तीत ‘एफवॉक’ आले. ते नेहमीच्या तीन गोष्टींबरोबर हा हँडलही देते, फक्त तो पुढच्या मुक्कामापर्यंतच वैध असतो. कर्नलकडून अशी सोय मिळत नाही त्या यंत्रणांवर आरएमट्री जुन्या रीतीनेच चालते. कोणत्या रीतीने चालणार हे ‘अव्हॉइड्स सिमलिंक अटॅक्स’ या तिच्या गुणधर्मावरून स्क्रिप्टला आधीच विचारता येते.